रिटर्न भरायचं सॉफ्टवेअर, एका हंगामानंतर: हिशेब पक्का, पण ते फुगे आवरा

सॉफ्टवेअरचं नाव लिहीत नाही. त्यांच्याकडे माझी तक्रार अजून पडून आहे, आणि नाव घेतलं की चर्चा नावावरच अडकते. जून २०२५ मध्ये घेतलं, तेव्हापासून घरातली आणि नात्यातली आयकराची रिटर्न त्यावरूनच भरली. माझं आयटीआर-२ (रिटर्नचा मोठा फॉर्म), कारण पगार, एफडी, थोडे शेअर, म्युच्युअल फंड असा सगळा पसारा. बायकोचं आयटीआर-१, म्हणजे साधा फॉर्म. भाच्याचं पहिलंच रिटर्न. शिवाय ऑफिसमधल्या एकाने माझं ऐकून घेतलं, त्याची कथा पुढे येईल.

पॅकेज बाराशे रुपयांचं, वर जीएसटी. आयकर विभागाचं पोर्टल फुकट असताना बाराशे कशाला, हा प्रश्न बायकोने पहिल्या दिवशीच विचारला. उत्तर होतं २३ जुलै २०२४. त्या तारखेला भांडवली नफ्याचे दर बदलले. लिस्टेड शेअर आणि इक्विटी फंडांचा अल्पकालीन नफा १५ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर, दीर्घकालीन १० वरून साडेबारावर, आणि दीर्घकालीन नफ्यातली करमुक्त मर्यादा एक लाखाची सव्वा लाख. म्हणजे २०२४-२५ या एकाच वर्षात प्रत्येक विक्री त्या तारखेच्या अलीकडची की पलीकडची, हे वेगळं काढायचं. ब्रोकरची टॅक्स पी अँड एल (नफा-तोट्याची) एक्सेल घेऊन हे हाताने करायला बसलं की दोन संध्याकाळी जातात. सॉफ्टवेअरने ती फाइल घेतली, विक्रीच्या तारखा वाचल्या आणि दोन्ही बाजू वेगळ्या मांडल्या. मी कागदावर पडताळून पाहिलं, बरोबर निघालं. फंडातलं स्विचसुद्धा त्याने विक्री म्हणून धरलं. एका योजनेतून दुसरीत पैसे वळवले की कर लागत नाही असं समजणारे सुशिक्षित लोक मी पाहिलेत, म्हणून मुद्दाम सांगतो.

दुसरी आवडलेली गोष्ट लाभांशाची. रिटर्नमध्ये लाभांश नुसता एकूण लिहून भागत नाही, तो कधी मिळाला हेही विचारतात: १५ जूनपर्यंत, १५ सप्टेंबरपर्यंत, १५ डिसेंबरपर्यंत, १५ मार्चपर्यंत आणि उरलेला. अग्रिम कराच्या (वर्षभरात हप्त्यांनी आधीच भरायच्या कराच्या) व्याजासाठी ते लागतं. एकेका कंपनीचे साठ-सत्तर रुपये त्या पाच खणांत टाकत बसणं म्हणजे वैताग. यांनी एआयएसमधल्या (आपल्या उत्पन्नाचं विभागाकडचं वार्षिक विवरण) तारखांवरून आपोआप भरलं. तिथेच निम्मे पैसे वसूल झाले.

पोर्टलचा पासवर्ड त्यांनी मागितला नाही, हेही बरं वाटलं. विभागाने नोंदलेले ई-रिटर्न मध्यस्थ असतात, ते तुमच्या मोबाइलवरच्या ओटीपीने संमती घेऊन माहिती खेचतात. जो अ‍ॅपवाला थेट पासवर्ड मागतो त्याला दारातूनच परत पाठवा.

आता फुगे.

रिटर्न अपलोड झालं की पडदाभर रंगीत फुगे वर जातात. मागून टाळ्यांचा आवाज. मधोमध ठळक हिरव्या अक्षरात ‘अभिनंदन! तुमचं रिटर्न भरलं गेलं आहे’. त्याखाली मित्रांना कळवा म्हणून बटण, त्याखाली पाच तारे द्या म्हणून बटण, आणि सगळ्यात तळाशी, फिकट करड्या बारीक टायपात, ‘ई-व्हेरिफिकेशन बाकी आहे’. फुगे वर जात असताना ती ओळ त्यांच्यामागे झाकली जाते. फुगे थांबवायची सोय नाही, आवाज बंद करायची नाही. मी सेटिंग्जमध्ये सगळीकडे शोधलं. पडद्याचा रंग काळा करता येतो, भाषा बदलता येते, फुगे मात्र सक्तीचे.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीवर किती लिहायचं. पण ज्यावर ‘भरलं गेलं’ असं लिहिलंय ते रिटर्न कायद्याच्या नजरेत अजून भरलेलंच नसतं. अपलोड केल्यापासून ३० दिवसांत पडताळणी, म्हणजेच ते ई-व्हेरिफिकेशन, करावी लागते: हे रिटर्न माझंच आहे अशी खात्री द्यायची. पूर्वी १२० दिवस मिळायचे, ऑगस्ट २०२२ पासून तीसच. तिसाच्या आत केलीत तर अपलोडची तारीख धरतात. नंतर केलीत तर पडताळणीची तारीख हीच रिटर्न भरल्याची तारीख होते.

ऑफिसमधल्या त्या सहकाऱ्याने ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अपलोड केलं, फुगे पाहिले, लॅपटॉप मिटला. पोर्टलवरच्या त्याच्या प्रोफाइलमध्ये मोबाइल आणि ईमेल जुन्या सीएच्या ऑफिसचा, त्यामुळे विभागाकडून काही आलं असेल तरी ते तिकडे गेलं. सप्टेंबरअखेर परतावा का येत नाही म्हणून त्याने मला विचारलं, मी पोर्टल उघडून पाहायला सांगितलं, तर पडताळणी बाकी. २०२५ मध्ये पगारदारांची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर झाली होती आणि शेवटी एक दिवस वाढून १६. ती उलटून गेलेली. म्हणजे उत्पन्न पाच लाखांच्या वर असल्याने पाच हजार विलंब शुल्क. आणि त्याहून मोठा दणका असा की त्याने जुनी करप्रणाली (जिच्यात वजावटी मिळतात ती) निवडली होती, घरकर्जाचं व्याज, ८०सी ची गुंतवणूक, सगळं दाखवलं होतं. जुनी प्रणाली मुदतीतच निवडता येते, उशिराच्या रिटर्नला नवीच लागते. त्याने विलंब माफीचा अर्ज पोर्टलवर टाकलाय, उत्तर यायचंय.

त्याने ओळ वाचायला हवी होती का? हवी होती. पण लग्न लागायच्या आधीच पंगत उठवणाऱ्या यजमानाला कोणी काहीच म्हणायचं नाही का?

मी कंपनीला लिहिलं. मागणी साधी: फुगे पडताळणीनंतर सोडा. उत्तर आलं, ‘आपल्या बहुमोल सूचनेबद्दल आभार’, आणि तक्रार परस्पर बंद. पुन्हा उघडली. चॅटवरच्या यंत्राने मला ‘तज्ज्ञाशी बोला’ हे २,९९९ रुपयांचं पॅकेज सुचवलं. तिसऱ्यांदा लिहिल्यावर एका मुलीचा फोन आला. बोलायला अतिशय नम्र. म्हणाली, “सर, आमच्या सिस्टिममध्ये अपलोड म्हणजेच फायलिंग.” मी म्हटलं, “अहो ताई, कायद्यात तसं नाही ना.” म्हणाली, “मी वरती कळवते, सर.” वरती कोण आहे देव जाणे. फुगे आजही उडतात.

बायकोच्या वेळी मी सावध होतो. तिच्या आधारला जोडलेला नंबर कधीच बंद झालाय, त्यामुळे ओटीपीचा मार्ग बंद. अशा वेळी पोर्टलवर आधी प्रमाणित केलेल्या बँक खात्यातून ईव्हीसी (पडताळणीचा कोड) काढता येतो, नेटबँकिंगमधून किंवा डीमॅटमधूनही होतं. काहीच नाही जमलं तर आयटीआर-व्ही (रिटर्नची पोच) छापून, सही करून बंगळुरूच्या सीपीसीला, म्हणजे विभागाच्या प्रक्रिया केंद्राला, पाठवायचा, तोही त्याच तीस दिवसांत. सॉफ्टवेअरमध्ये फक्त आधार ओटीपीचं बटण होतं. बाकीचे मार्ग आहेत हेसुद्धा तिथे लिहिलेलं नाही.

भाच्याच्या रिटर्नमध्ये वेगळाच वाद. पगार ६ लाख २० हजार, नवी प्रणाली, ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली की ५ लाख ४५ हजार. वर ४० हजारांचा शेअरमधला अल्पकालीन नफा, सगळा ऑगस्टनंतरचा. “मामा, सात लाखांच्या आत आहे, मग ८,३२० रुपये कर कसला?” तर ८७ए ची सूट, म्हणजे त्या वर्षी सात लाखांपर्यंतच्या उत्पन्नाचा कर माफ करणारी, पगारावरच्या स्लॅबच्या कराला मिळते. शेअरच्या अल्पकालीन नफ्यावर विशेष दराने लागणाऱ्या कराला ती नव्या प्रणालीत मिळत नाही असं विभागाची युटिलिटी (रिटर्नचा हिशेब करणारा त्यांचा प्रोग्राम) धरत होती. ४० हजारांवर २० टक्के म्हणजे आठ हजार, वर ४ टक्के सेस. २०२४ च्या जुलैत युटिलिटीत हा बदल झाला तेव्हा प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. सॉफ्टवेअरने हे हिशेबाच्या तक्त्यात स्वच्छ मराठीत मांडलं होतं, मला समजवावं लागलं नाही. हा तक्ता ज्याने लिहिलाय त्याला फुग्यांच्या खात्यात बदली द्या.

लोक मला विचारत असतात ते थोडक्यात. नोकरीतल्या कंपनीला वर्षाच्या सुरुवातीला नवी प्रणाली सांगितली असली तरी व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या पगारदाराला रिटर्न भरताना जुनी घेता येते, मुदतीत भरलं तर. बचत खात्याचं व्याज दाखवावंच लागतं, आणि त्यावरची ८०टीटीए ची दहा हजारांपर्यंतची वजावट फक्त जुन्या प्रणालीत. फॉर्म १६ (पगाराचा आणि कापलेल्या कराचा कंपनीचा दाखला) हातात आला म्हणून एप्रिल-मेमध्ये घाई करू नका. शेवटच्या तिमाहीच्या टीडीएसचं विवरणपत्र द्यायला कंपनीला ३१ मेपर्यंत मुदत असते, त्यानंतर २६एएस (आपल्या नावावर जमा कराचा विभागाकडचा तक्ता) भरतं. एआयएसच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे छोट्या अक्षरात पॅन आणि लगेच जन्मतारीख. आणि जुनी प्रणाली घेणार असाल तर विम्याच्या पॉलिसीचा नंबर, घरभाड्याचा तपशील, कर्जखात्याचा नंबर जवळ ठेवा, २०२५ पासून आयटीआर-१ मध्येही हे सगळं विचारतात.

ऑक्टोबरमधली भर: १४३(१) ची, म्हणजे विभागाने रिटर्न तपासल्याची, सूचना आली. सॉफ्टवेअरचा आकडा आणि विभागाचा आकडा रुपयाला रुपया जुळला. परतावाही आला. वरचा मजकूर लिहिताना मी दोनच तारे देणार होतो, ते साडेतीन केले. फक्त सॉफ्टवेअरच्या पानावर ‘प्रक्रिया चालू आहे’ असंच दिसत होतं, पैसे खात्यात येऊनसुद्धा. अपलोडनंतरच्या जगाशी त्यांना देणंघेणं नाही हे आणखी एकदा कळलं.

डिसेंबरमधली भर: एका एफडीचं व्याज माझ्या एआयएसमध्ये उशिरा चढलं, बँकेने दुरुस्त विवरणपत्र दिलं म्हणून. एआयएस ही दगडावरची रेघ नाही, ते नंतरही बदलतं, दोन-तीन महिन्यांनी एकदा डोकवावं. सुधारित रिटर्नची तेव्हाची मुदत ३१ डिसेंबर २०२५. मला वाटलं आता पुन्हा पैसे मागणार. नाही मागितले. मूळ पावतीचा नंबर आणि तारीख त्यांनीच भरली, जुना सगळा डेटा जसाच्या तसा, फक्त व्याजाचा आकडा बदलायचा. जास्तीचा कर पोर्टलवर ई-पे टॅक्समधून भरला आणि चलनाचा तपशील टाकायला गेलो, तर बीएसआर कोडच्या (चलनावरचा बँक शाखेचा क्रमांक) सुरुवातीचं शून्य ते गिळून टाकत होतं. सात अंकी कोड, सहाच अंक राहायचे, मग ‘कोड चुकीचा’. मदतकेंद्राला लिहिलं आणि चक्क त्याच दिवशी दुरुस्त झालं. म्हणजे वरती कोणीतरी आहे, आणि त्याला शून्य दिसतं, फुगे दिसत नाहीत.

सुधारित रिटर्न अपलोड केलं. फुगे. टाळ्या. सुधारित रिटर्नचीही पडताळणी नव्याने करावी लागते, ती ओळ याही वेळी फुग्यांमागे.

आता पुढच्या वर्षाचं नूतनीकरण करा म्हणून मेल येतायत. आत्ता घेतलं तर ९९९, आणि मथळा ‘नव्या आयकर कायद्यासाठी सज्ज’. नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू, खरं आहे. पण २०२६ च्या जुलैत जे रिटर्न भरायचं ते २०२५-२६ चं, आणि ते १९६१ च्या जुन्या कायद्यानेच भरायचं. शिवाय २३ जुलैची फाळणीही आता उरली नाही, सगळं वर्ष एकाच दराचं. मी ज्या कामासाठी बाराशे मोजले ते कामच संपलं. बायकोचं आयटीआर-१ पोर्टलवर फुकट भरेन, तिच्या फंडाचा दीर्घकालीन नफा सव्वा लाखाच्या आत आहे आणि तेवढा आता आयटीआर-१ मध्ये चालतो. भाच्याने या वर्षी शेअर विकलेच नाहीत, त्याचंही पोर्टलवर. माझ्यापुरता लाभांशाच्या त्या पाच खणांचा प्रश्न राहतो. त्यासाठी ९९९ द्यायचे की एक रविवार, ते जूनमध्ये ठरवीन. तोवर ही सवलत संपली तरी पुन्हा येते, गेल्या वर्षी जुलैतही आली होती.