ओनेट इंटरेस्ट प्रोफायलर: फुकट आणि चोख, पण भरणाऱ्याची भीडही आवडीत धरतो

करिअर निवडायला मदत म्हणून ज्या चाचण्या मिळतात, त्यांतली ही सर्वांत प्रामाणिक म्हणावी अशी. अमेरिकेच्या श्रम खात्याने बनवलेली ही ‘ओनेट इंटरेस्ट प्रोफायलर’ चाचणी ‘माय नेक्स्ट मूव्ह’ या संकेतस्थळावर आहे. पैसे लागत नाहीत, खातं उघडावं लागत नाही आणि शेवटी कोणी समुपदेशनाचं पॅकेजही गळ्यात मारत नाही. ६० कामांची यादी समोर येते. प्रत्येकापुढे ‘अजिबात आवडणार नाही’पासून ‘खूप आवडेल’पर्यंत पाच पर्याय असतात. अर्ध्या तासाच्या आत निकाल आणि त्याला जुळणाऱ्या व्यवसायांची यादी हातात पडते.

यामागची मांडणी मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांची, १९५९ सालची. तिच्यात आवडींचे सहा गट आहेत: हाताने आणि यंत्रांशी करायची कामं (रिअलिस्टिक), शोध घेण्याची (इन्व्हेस्टिगेटिव्ह), कलेची (आर्टिस्टिक), माणसांना मदत करण्याची किंवा शिकवण्याची (सोशल), धंदा आणि नेतृत्वाची (एंटरप्रायझिंग) आणि नोंदी व हिशेबाची (कन्व्हेन्शनल). प्रत्येक गटाला १० प्रश्न आणि प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण, म्हणजे गटाला जास्तीत जास्त ४०.

चाचणीची सूचना स्पष्ट आहे: हे काम करण्याइतकं शिक्षण आहे का, पैसे किती मिळतील, याचा विचार करू नका, फक्त आवडेल का ते सांगा. सूचना योग्यच आहे, पण ती पाळली जात नाही. ‘न्यायालयात अशिलाची बाजू मांडणे’ हा प्रश्न घ्या. चार लोकांपुढे बोलताना ज्याला घाम फुटतो, तो इथे बेधडक ‘आवडणार नाही’ दाबतो. वाद घालायला, कागदपत्रांतली फट शोधायला त्याला मनापासून आवडत असलं तरी. ‘ग्रहांच्या गतीचा अभ्यास करणे’ दिसलं की गणिताला घाबरणारे मागे फिरतात. ‘विटा किंवा टाइल्स बसवणे’ या प्रश्नावर तर कामाचा विचारच होत नाही, ते काम कोण करतं याचा होतो. अशी तीन-चार उत्तरं पडली की रिअलिस्टिकचा आकडा खाली येतो आणि त्याच्यासोबत सिव्हिल इंजिनिअर आणि विमानाचा पायलटही यादीतून घसरतात, कारण त्यांच्यातही हाच गट वरचा आहे. दंतवैद्याच्या कामातही त्याचा वाटा मोठा आहे. टाइल्स नाकारताना आपण दंतवैद्यकही मागे ढकलतोय, हे भरणाऱ्याच्या ध्यानीमनी नसतं.

‘मला जमणार नाही’ हे ‘मला आवडत नाही’चा वेष घेऊन येतं, ही नुसती शंका नाही. नॅन्सी बेट्झ आणि गेल हॅकेट या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना वेगवेगळे व्यवसाय देऊन ‘हे तुम्हाला जमेल का’ असं विचारलं. मुलामुलींच्या प्रवेश परीक्षेच्या गुणांत म्हणावा असा फरक नव्हता, तरी परंपरेने पुरुषांच्या मानल्या गेलेल्या व्यवसायांत मुलींचा स्वतःवरचा विश्वास कमी निघाला. समाजशास्त्रज्ञ शेली कोरेल यांचा २००४ सालचा प्रयोग याहून बोलका आहे. त्यांनी एक कौशल्य चक्क बनवून घेतलं आणि काही जणांना सांगितलं की यात पुरुष सरस असतात. सगळ्यांना गुण सारखेच दिले, तरी पुरुषांनी स्वतःची क्षमता जास्त धरली. स्त्री-पुरुषांत फरक नसतो असं ज्यांना सांगितलं, त्यांच्यात ही तफावत दिसली नाही. अस्तित्वातच नसलेल्या कौशल्याबद्दल एका प्रयोगापुरत्या वेळात पूर्वग्रह तयार होत असेल, तर गणिताबद्दल लहानपणापासून ऐकलेल्याचं काय होत असेल!

अशा चाचण्याही या पूर्वग्रहांपासून मुक्त नव्हत्या. १९२७ साली निघालेल्या मानसशास्त्रज्ञ स्ट्राँग यांच्या आवडी तपासणाऱ्या प्रश्नावलीत पुढे पुरुषांचा निळा फॉर्म आणि स्त्रियांचा गुलाबी फॉर्म असे दोन फॉर्म होते. ते एकत्र व्हायला १९७४ साल उजाडलं. त्या मानाने ओनेटचा फॉर्म सगळ्यांना एकच आहे, हे त्याच्या बाजूने.

आता निकाल वाचताना होणारी मोठी गफलत. ‘सांगता येत नाही’ या मधल्या पर्यायाला २ गुण मिळतात. म्हणजे एखाद्या गटात २० आले, तर त्याचे दोन अगदी वेगळे अर्थ निघू शकतात. दहाही प्रश्नांना ‘सांगता येत नाही’ म्हटलं तरी २०. पाच कामं जीव टाकण्याइतकी आवडली आणि पाच मुळीच नकोशी वाटली तरीही २०. पहिल्या माणसाला त्या क्षेत्राची ओळखच नाही, दुसऱ्याची आवड पक्की आहे पण अरुंद आहे. निकालाचा आकडा हा फरक दाखवत नाही. म्हणून उत्तरं भरताना शेजारी कागद ठेवा आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर लिहून घ्या. हे टाळलंत तर पुढचं काहीच करता येणार नाही.

कागद तयार झाला की प्रत्येक नकारापुढे एक अक्षर लिहा. कामच नकोसं वाटतं तिथे ‘न’, जमणार नाही असं वाटतं तिथे ‘भ’, आपल्यासारख्यांचं हे काम नाही किंवा लोक काय म्हणतील असं वाटतं तिथे ‘ल’. ‘सांगता येत नाही’ला हेच लावा, आणि त्या कामाबद्दल काही माहीतच नसेल तर ‘म’. ‘जॅझ किंवा टॅप नृत्य करणे’पुढे बहुतेकांचा ‘म’च येईल, त्यात वावगं काही नाही. मग फक्त ‘भ’ आणि ‘ल’ असलेली उत्तरं पुन्हा द्या. या वेळी दोन गोष्टी गृहीत धरा: शिकायला दोन वर्षं मिळाली आहेत, आणि तुम्ही काय निवडलं हे कोणालाच कळणार नाही. ‘न’ला हात लावू नका, नाहीतर सगळंच गोड दिसायला लागतं. नवे सहा आकडे कागदावरच जुळवा. ते थेट भरायची सोय संकेतस्थळावर आहे, ६० प्रश्न पुन्हा सोडवावे लागत नाहीत.

दोन निकालांत गटाचा फरक पाच गुणांपर्यंत असेल तर दुर्लक्ष करा. दोन प्रश्न ‘आवडणार नाही’वरून ‘खूप आवडेल’वर गेले की सहा गुण वाढतात, त्याच्या आतला फरक त्या दिवशीच्या मूडचाही असू शकतो. सहा किंवा त्याहून जास्त असेल तर तो गट तुम्ही आवडीने नव्हे, भीतीने मागे ठेवला होता असं धरायला हरकत नाही. तसंच वरच्या दोन गटांत एक-दोन गुणांचं अंतर असेल तर पहिला-दुसरा असा क्रम लावत बसू नका.

पुढचा सापळा तयारीच्या पातळीचा. व्यवसायांची यादी पाहताना किती तयारीचं काम हवं ते निवडावं लागतं, त्यासाठी ‘जॉब झोन’ नावाच्या पाच पातळ्या आहेत: पहिलीत जवळजवळ काही तयारी लागत नाही, पाचवीत प्रदीर्घ शिक्षण लागतं. इथे लोक सवयीने आपली आजची पातळी निवडतात आणि यादी तिथेच आखडते. विद्यार्थ्याने पुढे जिथे पोचायची इच्छा आहे ती पातळी घ्यावी, आणि मग तिच्या एक वरचीही उघडून पाहावी. ‘आपल्याला काय एवढं शिकायचंय’ हासुद्धा ग्रहच.

‘भ’ लावलेल्या कामांचं पुढे काय करायचं, याबाबतीत चाचणी मुकी आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली आत्मविश्वासाचे चार स्रोत सांगितले: स्वतः करून पाहिलेलं, आपल्यासारख्यांना करताना पाहिलेलं, इतरांनी दिलेला धीर आणि शरीराची-मनाची त्या क्षणीची अवस्था. त्यांतला पहिला सर्वांत भक्कम. त्यामुळे धीर देणारी भाषणं ऐकण्यापेक्षा त्या कामाचा लहानसा तुकडा करून पाहा. वकिलीची भीती असेल तर एका वादाच्या दोन्ही बाजू लिहून काढा आणि एका ओळखीच्या माणसापुढे मांडा. पहिलाच तुकडा मोठा घेतला आणि आपटलात, तर ग्रह आणखी घट्ट होतो. म्हणून सुरुवात जमेल अशाच आकाराची ठेवा.

उणिवा अजून आहेत. चाचणी इंग्रजी आणि स्पॅनिशमध्येच आहे, आणि पगार व मागणीचे आकडे अमेरिकेचे आहेत. दुसऱ्या देशात ते सरळ सोडून द्यावेत. कामांची वर्णनं आणि लागणारी कौशल्यं मात्र कुठेही उपयोगी पडतात. याच चाचणीची ३० प्रश्नांची छोटी आवृत्तीही आहे, पण तिच्यात प्रत्येक गटाला पाचच प्रश्न येतात आणि भीतीने दिलेलं एखादं उत्तरही निकाल फिरवतं. वर सांगितलेली अक्षरांची पद्धत वापरायची असेल तर ६० प्रश्नांचीच घ्या.