रक्तदान, झाडं की श्रमदान? नवीन टीमने आधी काय हातात घ्यावं

जुलैत नवीन टीम येते (रोटरॅक्टचं, म्हणजे रोटरीच्या तरुणांच्या क्लबचं, वर्ष १ जुलैला चालू होतं, कॉलेजातल्या एनएसएसचं, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचंही साधारण त्याच सुमारास) आणि पहिल्या मीटिंगला बहुतेक ठिकाणी हीच तीन नावं निघतात, वृक्षारोपण, रक्तदान शिबिर, नाहीतर गावात जाऊन श्रमदान. मग चर्चा होते ती बजेटवर आणि किती जण येतील त्यावर. मला वाटतं त्याआधी एवढंच विचारा, की कार्यक्रम झाल्यावर हे काम किती महिने आपल्या मागे असणार आहे आणि तेव्हा आपल्यातलं कोण इथे असेल? कारण अध्यक्ष वर्षाने बदलतो, थर्ड इयरवाले नोकरीला पुण्या-मुंबईला जातात.

वृक्षारोपण सगळ्यात सोपं वाटतं, आणि तिघांत सगळ्यात जास्त जबाबदारी त्यातच आहे. रोप लावायला सकाळचे दोन तास लागतात, जगवायला निदान तीन उन्हाळे. साधा हिशोब करा, १०० रोपं आणि प्रत्येकाला १० लिटर, म्हणजे एका फेरीला १००० लिटर पाणी, आणि फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत अशा फेऱ्या मारायच्या, त्या पण परीक्षांच्या दिवसात. शिवाय गुरं. कुंपण किंवा ट्री गार्ड नसेल तर दिवाळीच्या आतच शेंडे गेलेले असतात, आणि मग पुढच्या जुलैत नवीन टीम त्याच खड्ड्यात नवीन रोप लावते, हे बघून खरंच वाईट वाटतं. राज्य सरकारने २०१९ च्या पावसाळ्यात ३३ कोटी झाडांचं टार्गेट ठेवलं होतं, तिथे आपल्या शंभरांनी आकड्यात काय भर पडणार, जगली तरच अर्थ आहे. म्हणून २५च लावा, पण कडुनिंब, करंज, जांभूळ, बहावा अशी आपल्याकडची, कमरेएवढी वाढलेली, आणि जागा अशी की जिथे नळ आहे आणि रोज येणारं माणूस आहे, शाळा, दवाखाना, सोसायटी. जागेच्या मालकाची लेखी परवानगी घ्या. खड्डे मे महिन्यातच हवेत, त्यामुळे जुलैत निवडून आलेल्या टीमला तसाही उशीर झालेला असतो.

रक्तदान शिबिर याच्या अगदी उलट. तयारी महिनाभर, काम एका दिवसाचं, संध्याकाळी पिशव्या रक्तपेढीत जातात, मागे राहतं ते रक्तदात्यांना सर्टिफिकेट पोचवणं आणि यादी नीट ठेवणं. डॉक्टर, टेक्निशियन, कॉट, पिशव्या सगळं परवानाधारक रक्तपेढी आणते, तुम्ही हॉल, पंखे, पाणी, चहा-बिस्किटं आणि माणसं बघायची. नाव दिलेले सगळे रक्त देऊ शकत नाहीत हे आधीच धरून चला: वजन ४५ किलोच्या खाली, हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली, मागच्या रक्तदानाला पुरुषांना ३ आणि बायकांना ४ महिने झाले नसतील तर परत पाठवतात, वर्षभरात टॅटू काढला असेल तरी. मुलींमध्ये हिमोग्लोबिन कमी निघण्याचं प्रमाण बरंच असतं, त्यांना नुसतं परत पाठवू नका, डॉक्टरांशी बोलायला दोन मिनिटं मिळतील असं बघा.

खरा मुद्दा तारखेचा आहे. १ ऑक्टोबरला (राष्ट्रीय स्वैच्छिक रक्तदान दिन), जयंतीला, नेत्यांच्या वाढदिवसाला शिबिरांची गर्दी होते, आणि रक्त काही फार दिवस साठवून ठेवता येत नाही, साध्या पिशवीतलं ३५ दिवस टिकतं, प्लेटलेट्स तर ५च दिवस. एप्रिल-मेमध्ये कॉलेजं बंद, लोक गावी गेलेले, तेव्हा तुटवडा पडतो आणि थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांना तर दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच. तारीख रक्तपेढीला विचारून ठरवा, किती पिशव्या हव्यात तेही त्यांनाच विचारा. आणि हेल्मेट, बॅग असली गिफ्टं नकोत, बक्षिसासाठी माणूस आजार लपवतो आणि त्याचा त्रास रक्त घेणाऱ्याला होतो.

श्रमदान मला स्वतःला सगळ्यात आवडतं, पण ते क्लबचं काम नाही, गावाचं आहे. २०१६ ला पानी फाउंडेशनचा वॉटर कप (पाणी अडवण्या-जिरवण्याच्या कामाची गावागावांतली स्पर्धा) कोरेगाव, वरूड, अंबाजोगाई या तीन तालुक्यांत सुरू झाला तेव्हाही आधी गावातल्या लोकांना ट्रेनिंग दिलं होतं. समतल चर, म्हणजे पाणी मुरवायला डोंगरउतारावर एका पातळीत आडवा खणलेला चर, साधारण दोन फूट रुंद आणि एक फूट खोल, दिसायला सोपा, पण आखणी लेव्हलला नसेल तर पाणी एका टोकाला जमून चर फोडून निघून जातं आणि माती घेऊन जातं. म्हणजे आखणी करणारा जाणता माणूस आधी, टिकाव-फावडी-घमेली नंतर. डोंगर वनखात्याचा असेल तर त्यांची परवानगी. गाव तयार असेल तर पुढच्या वर्षी चरातला गाळ तेच काढतात, म्हणून तुमची टीम बदलली तरी काम मरत नाही.

तर, टीम नवीन असेल, २०-२५ जण असतील, खिशात फार पैसे नसतील तर या वर्षी एप्रिल-मेचं रक्तदान शिबिर घ्या. एनएसएसवाल्यांनी श्रमदान घ्यावं, दोन वर्षांत २४० तास भरायचेच असतात आणि सात दिवसांचं निवासी शिबिरही असतं. झाडं फक्त त्यांनीच ज्यांच्यात गावातच राहणारे, पुढची तीन वर्षं कुठे न जाणारे चार-पाच जण आहेत.

श्रमदानाचं ठरलं तर गाव आत्तापासून शोधा. २६ जानेवारीच्या ग्रामसभेच्या वेळी सरपंचांना सांगून दोघंतिघं जाऊन बसा, पाण्यावर कोण तळमळीने बोलतंय ते ऐका, आणि एप्रिलचे रविवार त्यांना विचारूनच पक्के करा.