वंशावळ शोधताना आधी काय: जुने दप्तर की डीएनए चाचणी?

पणजोबांपर्यंत नावे सांगता येतात, त्यापुढे सगळे थांबते. अशा वेळी शंभरेक डॉलरची डीएनए चाचणी मागवावी, की तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज टाकावा? दोन्ही करता येते. पण पैसा आणि वेळ आधी कुठे घालायचा हे तुमच्या प्रश्नावर ठरते. मराठी घरांच्या बाबतीत आमचे मत बऱ्यापैकी ठाम आहे: आधी कागद, आणि डीएनए फक्त एखाद्या नेमक्या प्रश्नासाठी. अपवाद आहेत, ते पुढे येतील.

काम सरकारी असेल तर प्रश्नच नाही

जात वैधता, वारस नोंद, ओसीआय कार्ड (भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारे) यांपैकी काही हवे असेल तर डीएनए अहवालाचा उपयोग शून्य. जात पडताळणी समितीला मानीव दिनांकापूर्वीची लेखी नोंद लागते: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. ती नोंद ज्या माणसाची आहे त्याच्यापर्यंत तुमची वंशावळ शपथपत्रावर जोडावी लागते. जात ही रक्तात मोजता येणारी गोष्ट नाही आणि तसे सांगणारी कोणतीही प्रयोगशाळा तुम्हाला फसवते आहे. ओसीआयसाठी पणजोबांपर्यंतचे भारतीय मूळ चालते, पण तेही कागदानेच सिद्ध होते.

डीएनए काय सांगते

चाचण्या तीन प्रकारच्या. वाय-डीएनए बापाकडून मुलाकडे जाते, म्हणून ती फक्त पुरुषाचीच होते. मायटोकॉन्ड्रियल डीएनए आईकडून सगळ्या मुलांना मिळते, पण पुढे फक्त मुलींकडून जाते. तिसरी, ऑटोसोमल, सगळ्या बाजूंची असते आणि बाजारात सर्वाधिक हीच खपते.

ऑटोसोमलचा हिशेब साधा आहे. सख्ख्या भावंडांत सरासरी ५० टक्के डीएनए सामाईक असते. सख्ख्या चुलत, मामे, आते किंवा मावस भावंडांत १२.५ टक्के, म्हणजे साधारण ८५० सेंटीमॉर्गन (डीएनएच्या तुकड्यांची लांबी मोजायचे एकक). पणजोबा एकच असलेल्या दुसऱ्या पिढीच्या चुलत भावंडांत सुमारे ३ टक्के. त्यापुढची पायरी एक टक्क्याच्याही खाली, आणि तिथे दहातल्या एका जोडीत सामाईक तुकडा सापडतच नाही. चौथ्या पायरीवर जवळपास निम्म्या जोड्या कोऱ्या निघतात. म्हणजे ही चाचणी चार-पाच पिढ्यांपर्यंत भरवशाची. शिवकाळातला मूळपुरुष तिच्यात शोधू नये.

आकड्याचा अर्थही एकच नसतो. २५ टक्के जुळले तर समोरचा माणूस काका असू शकतो, आजोबा असू शकतो किंवा सावत्र भाऊ. वय आणि कागद पाहिल्याशिवाय ते ठरत नाही.

आता मराठी घरांची खरी अडचण. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार भारतात समूहांची सरमिसळ सुमारे १९०० वर्षांपूर्वीपर्यंत चालू होती, नंतर ती थांबून जातीतच लग्ने होऊ लागली. पिढ्यान्‌पिढ्या पन्नास-शंभर घराण्यांतच सोयरिकी झाल्या की कोणत्याही दोघांत बारीक-बारीक तुकडे जुळतात. त्यांची बेरीज मोठी येते आणि संगणक ‘दुसरे चुलत भाऊ’ असे नाते सुचवतो. प्रत्यक्षात समान पूर्वज दहा पिढ्या मागचा असतो, किंवा एक नसून आठ-दहा असतात. त्यात अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत. अशा जोडप्याच्या मुलांचे नातेवाइकांशी जुळणारे डीएनए दोन वाटांनी येते आणि नाते खऱ्यापेक्षा जवळचे दिसते.

यावर उपाय म्हणजे बेरीज बाजूला ठेवून सर्वांत लांब तुकडा पाहणे. एकूण १५० सेंटीमॉर्गन जुळत असतील आणि सगळे तुकडे ७ ते १२च्या आतले असतील, तर ते जातीचे सामाईकपण समजा. एखादा तुकडा ३०च्या वर असेल तर अलीकडचा समान पूर्वज असण्याची शक्यता धरून कागद शोधायला लागा.

अहवालातला रंगीत नकाशा मात्र मनावर घेऊ नका. ‘वंशीय टक्केवारी’ ही संदर्भ नमुन्यांशी केलेली तुलना असते. जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘१००० जीनोम्स’ संचात दक्षिण आशियाचे पाच गट आहेत: ह्यूस्टनमधले गुजराती, लाहोरचे पंजाबी, बांगलादेशातले बंगाली, ब्रिटनमधले तेलुगू आणि तिथलेच श्रीलंकन तमिळ. मराठी गटच नाही. कंपन्या आपापले नमुने जोडतात, तरी कोल्हापूरच्या माणसाला ‘गुजरात व दक्षिण भारत’ असा निकाल आला तर त्याचा अर्थ घराणे गुजरातेतून आले असा होत नाही.

कागद काय सांगतात

मराठी मुलखात कागद कमी नाहीत. ते विखुरलेले आहेत आणि वाचायला कठीण आहेत.

सुरुवात फेरफारापासून करावी. गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही. खातेदार मेला की वारसांची नावे तिथे चढतात. १९०३च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यात हक्कनोंदी सुरू झाल्या, त्यामुळे एका गट नंबरावरून तीन-चार पिढ्या सहज मागे जाता येते. सातबारावर फेरफार क्रमांक गोल करून लिहिलेले असतात, ते उलट्या क्रमाने काढत जायचे. बऱ्याच तालुक्यांचे जुने फेरफार ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर किरकोळ शुल्कात मिळतात. नसतील तर तहसील कार्यालयात नकलेचा अर्ज करावा. माहिती अधिकारात अर्जाला १० रुपये आणि पानाला २ रुपये पडतात. अर्जात गाव, तालुका, गट नंबर आणि वर्ष लिहिलेच पाहिजे, नाहीतर ‘अभिलेख आढळून येत नाही’ असे उत्तर ठरलेले. जमिनींच्या एकत्रीकरणात सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले, तेव्हा मागे जाताना एकत्रीकरण योजनेचा उतारा घेतल्याशिवाय जुना सर्व्हे नंबर सापडत नाही. बहुतेकांची गाडी इथेच अडते.

फेरफारातल्या संक्षेपांकडे नीट पहा. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर: नाव एकट्या थोरल्याचे, पण जमीन सगळ्या भावांची. हे न कळल्यामुळे धाकट्या भावांच्या अख्ख्या शाखा वंशावळीतून गळतात. ‘अ.पा.क.’ असेल तर वारस अज्ञान होता आणि पुढचे नाव पालनकर्त्याचे, बहुतेकदा आईचे किंवा चुलत्याचे. ‘बिन’ आणि ‘वल्द’ बापाचे नाव सांगतात, ‘कोम’ आणि ‘भ्रतार’ नवऱ्याचे.

दुसरा कागद कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूची गाव नमुना १४ नोंदवही. ती बहुधा मोडीत असते आणि तीत आडनाव क्वचितच असते. ‘गणू बिन रामा’ आणि जात एवढेच. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची पद्धत असल्याने रामा-गणू-रामा-गणू अशी साखळी बनते आणि दोन पिढ्या एकात मिसळतात किंवा एक निसटते. प्रत्येक नावापुढे वर्ष आणि बायकोचे नाव लिहीत गेले तरच हा घोळ टळतो.

शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा सहज मिळतो, पण त्यातल्या जन्मतारखेवर विसंबू नका. मास्तरांनी १ जून लावून दिलेले अर्धे गाव असते.

त्याहून मागे जायचे तर घराण्याकडे वतन होते का हे पहायचे. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे यांचे वतनाचे तंटे पिढ्यान्‌पिढ्या चालले आणि प्रत्येक तंट्यात करीना (हक्काची हकीकत), महजर (पंचांचा निवाडा), वाटणीपत्र तयार झाले. हे कागद पुणे आणि कोल्हापूरच्या पुरालेखागारांत व भारत इतिहास संशोधक मंडळात आहेत. भाऊबंदकीचे एवढे तरी भले झाले. वतन नसलेल्या कुणबी, बलुतेदार किंवा भटक्या घरांना इथे फार काही मिळत नाही, आणि इनाम नसलेल्याने महिनोन्‌महिने पेशवे दप्तरात बसणे म्हणजे वेळेचा अपव्यय.

मोडी येत नसेल तर जाणकाराकडून वाचून घ्या, पण कालगणना स्वतः तपासा. शक वर्षात ७८ मिळवले की इसवी सन येते (पौषानंतर वर्षाच्या शेवटी ७९). दख्खनी फसलीत (महसुली सन) ५९०, शुहूर सनात (मराठेशाहीच्या कागदांत अरबी शब्दांत लिहिलेला सन) ५९९ किंवा ६००. ‘इसन्ने सितैन मया व अलफ’ म्हणजे दोन, साठ, शंभर, हजार: शुहूर ११६२, इसवी १७६१-६२. मराठवाड्यातले निजामकालीन कागद फसलीत आणि पुष्कळदा उर्दूत असतात. २०२३मध्ये नेमलेल्या न्या. शिंदे समितीला कुणबी नोंदींसाठी हैदराबादेपर्यंत जावे लागले ते यामुळेच.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या हे तिसरे मोठे साधन. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, गया, हरिद्वार इथले उपाध्ये गाव, जात आणि आडनावानुसार नामावळी ठेवतात. मूळ गाव सांगता आले नाही तर वही उघडतच नाही, म्हणून तेवढे घरातून काढून जा. हरिद्वारच्या अनेक वह्यांच्या सूक्ष्मचित्रफिती (मायक्रोफिल्म) वंशावळीच्या नोंदी जमवणाऱ्या फॅमिलीसर्च या संस्थेने घेतल्या आहेत. कोल्हापूर, सांगली, बेळगाव पट्ट्यात हेळवी घरोघर येऊन वंशावळ वाचतात. दोन्हीकडे अलीकडच्या पिढ्या बऱ्याचशा बिनचूक आणि मूळपुरुष बऱ्याचदा सूर्यवंशातला. पहिले घ्यावे, दुसरे सोडावे.

गोव्यात चित्र वेगळे. ख्रिस्ती घरांसाठी चर्चच्या बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यूच्या नोंदवह्या आहेत, गांवकारांसाठी (गावाचे मूळ हक्कदार) कोमुनिदादीत, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेत, वांगडवार (कुळाच्या शाखेनुसार) पुरुषांची नोंद आहे, आणि पणजीचे पुरालेखागार १५९५ इतके जुने आहे. मॉरिशसच्या मराठी वंशजांनी मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधल्या गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांच्या, नोंदी आधी पाहाव्यात. तिथे क्रमांकासह बापाचे नाव, जात, गाव आणि जिल्हा मिळू शकतो.

कागदांचे मोठे व्यंग एकच: बायका. लग्नात आडनावाबरोबर पहिले नावही बदलले जाई. १९५६च्या वारसा कायद्यापूर्वीच्या वारस नोंदींत मुली जवळजवळ नसतात, आणि कुलवृत्तांतांत लेकींच्या शाखा एका ओळीत संपतात. पणजीचे माहेर शोधायचे तर तिच्या नवऱ्याच्या कागदांत नव्हे, तिच्या भावाच्या गावी पाहावे लागते.

डीएनए जिथे वरचढ ठरते

दत्तक गेलेल्या किंवा अनाथाश्रमातून परदेशी गेलेल्या माणसाकडे कागदच नसतो. त्याने थेट ऑटोसोमल करावी, आणि जुळणाऱ्यांची यादी मोठी असेल अशा कंपनीकडेच करावी. भारतात राहणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ही चाचणी केली आहे, त्यामुळे जुळणारी माणसे मुख्यतः अमेरिका-ब्रिटनमधली येतील.

समूहाच्या उगमाचा प्रश्नही डीएनएचाच. कोकणातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाची नवगावजवळ फुटलेल्या जहाजाची परंपरागत कथा आहे. २०१६च्या अभ्यासात त्यांच्यात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे ठळक निघाले. पण हे उत्तर समाजाचे आहे. अमुक पेणकर कुटुंब अमुकाचे कोण, हे त्यातून कळत नाही.

तिसरी जागा म्हणजे एकाच आडनावाची दोन घराणी भाऊबंद आहेत का, हा प्रश्न. दोन्हीकडून एकेका पुरुषाची वाय-डीएनए चाचणी करायची. ३७ खुणांवर (वाय-डीएनएवर तपासायच्या ठरावीक जागा) ठळक फरक आला तर पितृवंश वेगळा, हे नक्की. जुळले तर नाते आहे, पण ते किती पिढ्या मागचे हे त्यावरून धड ठरत नाही. त्यासाठी महागडी सविस्तर चाचणी लागते. फरक आला म्हणून कोणाच्या आजीवर संशय घेण्याआधी दत्तकपत्र शोधा. भावकीतला मुलगा दत्तक घेतला असेल तर वाय-डीएनए जुळतेच. लेकीचा मुलगा घेतला असेल तर आडनाव तेच राहून वाय बदलते.

चाचणी करायचीच तर

नमुना घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाचा घ्या. आजीचे डीएनए तुमच्यात सरासरी पाव उरते, तेव्हा आजी असताना स्वतःची चाचणी करून पैसे घालवू नका. आईच्या वडिलांचा पितृवंश हवा तर मामाचा किंवा मामाच्या मुलाचा नमुना लागेल. वडिलांच्या आजीचा, म्हणजे आजोबांच्या आईचा, मातृवंश हवा तर आजोबांची बहीण किंवा तिची मुले गाठा; आजोबांच्या स्वतःच्या मुलांत तो उतरत नाही.

लाळेच्या नळीत साधारण दोन मिलिलिटर लाळ लागते, फेस त्यात धरत नाहीत. आधी अर्धा तास खाणे, पिणे, तंबाखू, पान बंद. वृद्धांना तोंड कोरडे पडल्याने एवढी लाळ येत नाही, त्यांच्यासाठी गालाच्या आतून बोळा फिरवायची चाचणी निवडा. अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्याची चाचणी करू नका, दात्याचे डीएनए मिसळून येते. मागवण्यापूर्वी ती कंपनी भारतात संच पाठवते का हेही पाहा. सगळ्याच पाठवत नाहीत.

ज्यांचा नमुना घ्याल त्यांना आधीच सांगा की अनोळखी सावत्र भावंड निघू शकते. मग संमती घ्या. २३अँडमी या चाचणी कंपनीमधून २०२३मध्ये सुमारे ६९ लाख लोकांची माहिती फुटली आणि २०२५मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणून निकाल आला की मूळ माहितीची फाइल उतरवून घ्यायची, जुळणाऱ्यांची यादी जपून ठेवायची आणि साठवलेला नमुना नष्ट करण्याची विनंती खात्यातूनच नोंदवायची.