वायपी-५०एफ: करवंटीचा कार्बन, तुलनेसाठी

भाताचं तूस, हाडं, पिसं, कशाचाही कार्बन करता येतो. तो सुपरकपॅसिटरच्या (कार्बनच्या पृष्ठभागावर विद्युतभार साठवणाऱ्या सेलच्या) लायकीचा आहे का, हे ठरवायला शेजारी बाजारातला एक कार्बन ठेवावाच लागतो. त्या कामाला कुरारे या जपानी कंपनीची वायपी-५०एफ पूड चोख आहे. करवंटीचा कोळसा वाफेने सक्रिय करून ती बनते. पृष्ठफळ ग्रॅमला साधारण १,६०० चौरस मीटर, छिद्रं बहुतेक २ नॅनोमीटरच्या आतली.

कॉस्टिक पोटॅशने सक्रिय करून ३,००० गाठणाऱ्यांना हा आकडा किरकोळ वाटेल. पण इतका पोखरलेला कार्बन हलका पडतो, आणि तेवढ्याच जागेत विद्युतभार कमी मावतो. शिवाय तुसातली सिलिका किंवा हाडातलं कॅल्शियम फॉस्फेट नीट धुतलं नसेल तर ते नुसतं मेलेलं वजन. लोखंडाचा अंश राहिला तर चार्ज केलेला सेल ठेवल्या ठेवल्या उतरतो. या पुडीचं खरं मोल तिच्या शुद्धतेत आहे.

इलेक्ट्रोडच्या लेपासाठी १० ग्रॅमचा घाणा असा: पूड ८, कार्बन ब्लॅक (वीज वाहून नेणारी काजळी) १, पीव्हीडीएफ (कण बांधून ठेवणारं प्लास्टिक) १. पीव्हीडीएफ आधी १९ ग्रॅम एनएमपी या द्रावकात पूर्ण विरघळवा, मग कोरडं मिश्रण थोडं थोडं घाला. पूड द्रावक पिऊन टाकते, त्यामुळे लगदा घट्ट होतो. आणखी ८-१० मिली एनएमपी लागतं. ॲल्युमिनियम फॉइलवर लेप दिल्यावर घाई नको. ओव्हन एकदम तापवला की वरचा थर आधी सुकून आकसतो आणि लेपाला सुकलेल्या तळ्यासारख्या भेगा पडतात. आधी ६० अंशांवर चमक जाईपर्यंत, मग निर्वातात १२० अंशांवर रात्रभर. थर जाड हवा असेल तर पीव्हीडीएफचा नाद सोडा. ५ टक्के पीटीएफई (टेफ्लॉन) घालून कणकेसारखं मळून लाटलेला पत्रा बरा.

ॲसिटोनायट्राइल या द्रावकातल्या टीईएबीएफ४ क्षाराच्या द्रावणात, २.७ व्होल्टपर्यंत, एका इलेक्ट्रोडमागे ग्रॅमला १०० फॅरडच्या (फॅरड हे धारकतेचं, म्हणजे भार साठवण्याच्या क्षमतेचं एकक) आसपास मिळायला हवेत. २५ आले तर पूड खराब नाही: पूर्ण सेलची धारकता दोन्ही इलेक्ट्रोडांच्या वजनाने भागली गेली आहे, तिला ४ ने गुणा. आपल्या कार्बनशी तुलना करताना लेपाचं वजनही सारखंच ठेवा. चौरस सेंटिमीटरला १ मिलिग्रॅम लावून कुठलाही कार्बन चमकतो, १० ला कस लागतो.

कॉस्टिक पोटॅशच्या पाण्यातल्या द्रावणात पूड वापरायची तर ॲल्युमिनियम नको, ते विरघळतं. निकेल फोम घ्या. पुडीवर ऑक्सिजनचे गट कमी असल्याने पाणी आत शिरायला वेळ लागतो, म्हणून इलेक्ट्रोड द्रावणात बुडवून निर्वात लावा. नाहीतर चार्ज-डिस्चार्जच्या पहिल्या शेकडो फेऱ्यांत धारकता वाढत जाते आणि ती सुधारणा समजली जाते.

उघडलेली बरणी हवेतली ओल ओढते. वजन करण्याआधी पूड दर वेळी वाळवा.