आंब्याच्या हंगामाआधी लिनक्स मिंट

देवगडात आमचा आंब्याचा धंदा. लॅपटॉप 2014 चा, रॅम 4 जीबी. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 ला लागणारं टीपीएम 2.0, म्हणजे सुरक्षेची चिप, ह्या लॅपटॉपमध्ये नाही. मग विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्स मिंट ह्या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघितली, पटली, टाकली. एक पैसा लागला नाही. पेटीवरची लेबलं, ‘5 डझन, हापूस’, लिब्रेऑफिस ह्या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये मराठीत अगदी सुबक होतात. त्या लेबलांवर माझा फार जीव. प्रिंटरने मात्र रडवलं, ड्रायव्हर शोधण्यात दोन संध्याकाळी गेल्या. आमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, म्हणून जीएसटीच्या दिवशी भावाचा लॅपटॉप आणावाच लागतो. तरी मी मिंट काढणार नाही.