पाटीआधी अंगणात : लेखनपूर्व तालसंचाचा अनुभव

लहान मुलांचा हात लिहिण्यासाठी गाणी आणि हालचालींतून तयार करणारा एक संच आमच्या गावच्या अंगणवाडीत गेल्या पावसाळ्यापासून वापरात आहे. गाव यवतमाळ जिल्ह्यातले. अंगणवाडी आणि जिल्हा परिषदेची शाळा एकाच आवारात आहेत. मी पहिलीचा वर्ग शिकवतो, त्यामुळे अंगणवाडीत जे घडते ते पुढच्या जूनमध्ये माझ्याच वर्गात येऊन बसते. संचात गाणी भरलेला छोटा स्पीकर, रंगीत कापडी पट्ट्या, जाड खडू, आकारांची मोठी कार्डे आणि सेविकेसाठी एक पुस्तिका आहे.

या सगळ्यांत पुस्तिका सर्वांत मोलाची आहे. चार वर्षांच्या मुलाच्या मनगटातली कित्येक हाडे अजून कूर्चेच्याच अवस्थेत असतात आणि हातावरचा ताबा खांद्याकडून कोपर, मनगट व शेवटी बोटे या क्रमाने येतो, हे तिने सोप्या भाषेत मांडले आहे. मूल साधारणपणे तिसऱ्या वर्षी पाहून गोल काढते, चौथ्याच्या सुमारास अधिकचे चिन्ह आणि पाचव्याच्या आसपास त्रिकोण. अशा मुलाकडून पाटीवर ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ गिरवून घेण्याचा आग्रह किती निरर्थक आहे, हे त्यावरून आपोआप कळते. म्हणून आधी पट्टी हातात घेऊन हवेत मोठी रेषा, मग ओल्या बोटाने फरशीवर, मग खडूने अंगणात आणि भिंतीवर, आणि पेन्सिल शेवटी, असा क्रम दिला आहे.

प्रत्यक्षात सर्वांत उपयोगी ठरला तो थांबण्याचा खेळ. गाणे चालू असताना हात खाली येत राहतो आणि गाणे थांबताच तो जिथे असेल तिथे थांबवायचा असतो. पहिलीच्या मुलांना काना सुरू करणे कधीच जड जात नाही. तो ओळीवर येऊन थांबवणे जड जाते, आणि त्याचा सराव वहीवर कितीही पाने भरून होत नाही. उजव्या हातातली पट्टी शरीरासमोरून डावीकडे नेण्याची हालचालही अशीच महत्त्वाची आहे. काही मुले मध्यावर येताच पट्टी दुसऱ्या हातात घेतात किंवा अख्खे अंगच वळवतात. शिरोरेषा ओढतानाही ही मुले अर्ध्यावर अडखळतात.

कार्डांबाबत मात्र माझी तक्रार आहे. आडवी, उभी, तिरपी रेषा, गोल आणि नागमोड एवढ्यावर ती संपतात, आणि ही निवड इंग्रजी अक्षरे डोळ्यांसमोर ठेवून केल्याचा संशय येतो. देवनागरीला गाठ हवी, ट-ठ-ढ यांचा अर्धगोल हवा, र आणि स यांचा खाली निघणारा तिरपा पाय हवा. आपल्याकडे ग, म, भ, न अशी आकाराने जवळची अक्षरे एकत्र शिकवण्याची जुनी पद्धत आहे, तिचा मागमूसही येथे नाही. सेविकाताईंनी जुन्या पुठ्ठ्यांवर गाठ आणि अर्धगोल कापून घेतले, आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटी दोन्ही हात डोक्यावर नेऊन डावीकडून उजवीकडे शिरोरेषा ओढण्याची भर घातली.

गाण्यांचा ठेका इतका जलद आहे की मुले उड्या मारतात आणि रेषा विसरतात. वीज दिवसभर नसली की स्पीकरही मुका होतो. त्यावर आमच्याकडे आयता उपाय होता : भजनी मंडळाची खंजेरी. तिच्यावर ठेका हवा तसा संथ करता येतो, मध्येच तोडता येतो, आणि मुलांना तो तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे ओळखीचाही आहे. भुलाबाईच्या दिवसांत टिपऱ्यांचा उपयोग झाला, कारण टिपरी दोन्ही हातांना सारखेच काम देते.

पालकांसाठी संचात एक ओळही नाही, आणि ही उणीव गावात जाणवतेच. “बाई, पोट्टे नुसते नाचूनच राह्यले, लिहाले कवा शिकतीन?” असे एका आजोबांनी दारात उभे राहून विचारले. ताईंनी त्यांच्याच नातवाला खडू देऊन अंगणात ‘ग’ काढायला सांगितले. नातवाने तो उलटा काढला, पण काना सरळ होता. आजोबांचे समाधान झाले नसावे.

यंदा माझ्या वर्गात आलेली मुले पेन्सिल कमी आवळून धरतात, एवढे मी खात्रीने म्हणेन. त्याचे सगळे श्रेय संचाला देता येणार नाही, कारण काहींच्या घरी मोठी भावंडे शिकवतात. ज्या अंगणवाडीत गाणारी, ठेका धरणारी सेविका आहे तिने स्पीकरसाठी पैसे घालू नयेत. मात्र पुस्तिका आणि पट्ट्या वेगळ्या मिळत नाहीत, संपूर्ण संचच घ्यावा लागतो, आणि गावाच्या वर्गणीतून खरेदी करताना हीच अट सर्वांत जास्त खटकते.