पोलीस आहे म्हणाला आणि मी हातातल्या पाटल्या काढल्या

हे लिहू की नको करत दोन महिने गेले. घरच्यांना सांगायलाच मला संध्याकाळ झाली होती, तिथे अनोळखी लोकांना काय सांगायचं असं वाटायचं. पण परवा शेजारच्या वहिनी जे बोलल्या त्यानंतर गप्प बसवेना. मोठं झालंय लिहिता लिहिता, तरी ज्यांच्या घरातल्या आई, सासू, आजी सकाळच्या एकट्या बाहेर पडतात त्यांनी तरी पूर्ण वाचा.

मी नाशिकला गंगापूर रोडला राहते, वय 63. शाळेत क्लार्क होते, रिटायर होऊन पाच वर्षं झाली. बँकेची कामं माझी मीच करते, ओटीपी कधी कोणाला दिला नाही, केवायसीचा फोन आला की कट करते. ते डिजिटल अरेस्टचं पंतप्रधानांनी ऑक्टोबर 2024 मध्ये 'मन की बात'मध्ये सांगितलं ना, तेव्हा भिशीतल्या बायकांना मीच समजावलं होतं की खरे पोलीस असं फोनवर कोणाला अटक करत नाहीत. एवढं सगळं माहीत होतं मला. पण हा माणूस फोनवर आलाच नाही, रस्त्यात समोर येऊन उभा राहिला.

गुरुवार होता, दत्ताच्या देवळातून येत होते, पावणेअकरा वाजले असतील. आतली गल्ली, एका बाजूला अर्धवट बिल्डिंगचं काम. बाइकपाशी एक जण उभा, खाकी पँट, साधा शर्ट, पायात तपकिरी बूट, केस बारीक कापलेले, हातात फाइल. मला म्हणाला, "मावशी, जरा इकडे या, साहेब बोलावतायत." पलीकडे दुसरा, पन्नाशीचा, पोट सुटलेला, तो साहेब. त्यानं पाकीट उघडून कार्ड दाखवलं आणि लगेच मिटलं, मी वाचलं काहीच नाही, फोटो आहे एवढं दिसलं. म्हणाला, काल रात्री पुढच्या चौकात एका बाईला चाकू मारून दागिने नेलेत, तुमच्या लेकाच्या वयाची पोरं आहेत, नशा करतात, आम्ही सकाळपासून इथे उन्हात उभे आहोत आणि तुम्ही एवढं सोनं घालून एकट्या फिरताय, काही झालं तर घरच्यांना आम्ही काय सांगायचं?

मी घाबरले. तेवढ्यात समोरून एक माणूस चालत आला, गळ्यात चेन. त्यालाही अडवलं, तो आधी हुज्जत घालायला लागला तर साहेब त्याच्यावर असा ओरडला की तो गप्पच. मग त्यानं निमूट चेन काढली, त्यांनी ती कागदात बांधून त्याच्याच हातात दिली आणि तो "थँक्यू साहेब" म्हणून निघून गेला.

तो माणूस त्यांचाच होता. हे मला घरी गेल्यावर कळलं. सगळ्यात नीट लक्षात ठेवायची गोष्ट हीच आहे असं मला वाटतं, कारण पोलीस म्हणवणाऱ्यावर मी कदाचित शंका घेतली असती, पण माझ्यासारख्याच रस्त्यानं जाणाऱ्या माणसावर कशी घेणार? त्याची चेन त्याला परत मिळाली हे मी डोळ्यांनी बघितलं होतं.

मग मी मंगळसूत्र काढलं, तीन तोळ्यांचं. पाटल्या निघेनात, सासूबाईंच्या पाटल्या, दोन्ही मिळून चार तोळे, त्यांनी जायच्या आधी स्वतः माझ्या हातात घातल्या होत्या. फाइलवाला म्हणाला सावकाश काढा मावशी, हात दुखेल. हे असं बोलणं होतं सगळं. माझ्याच समोर त्यांनी ते कागदात गुंडाळलं, रबर लावलं, माझ्या पर्समध्ये ठेवलं, पर्सची चेन लावली आणि म्हणाले आता घरी जाऊनच उघडा, रस्त्यात पर्स उघडू नका, कोण बघत असेल सांगता येत नाही. पुडी हाताला जड लागत होती.

घरी आल्यावर उघडली तर आत खडी आणि दोन बेन्टेक्सच्या बांगड्या.

भूल टाकली असेल, कसलं तरी औषध हुंगवलं असेल असं नंतर सगळे म्हणाले. मला कोणीही काहीही हुंगवलं नाही, मी पूर्ण शुद्धीवर होते. भूल टाकली म्हटलं की आपलं मन हलकं होतं, पण मग पुढच्या बाईला कशापासून सावध राहायचं ते कळतच नाही. मला त्यांनी कसला लोभ दाखवला नाही, काही मागितलं सुद्धा नाही, तुमचं तुमच्याच पर्समध्ये ठेवा म्हणाले. आपली काळजी करणाऱ्या माणसाला, त्यातून पोलिसाला, नाही कसं म्हणायचं हे मला कोणी शिकवलंच नव्हतं.

पोलीस स्टेशनला मी संध्याकाळी सात वाजता गेले, मुलगा आल्यावर. ते आठ तास मी लाजेपायी घालवले त्याचा मला आजही पश्चात्ताप होतो. हवालदार चांगला होता, त्यानं पहिल्यांदा हेच विचारलं की लगेच का नाही आलात, तेव्हाच नाकाबंदी लावली असती. गाडीचा नंबर मी बघितलाच नव्हता. एका सोसायटीच्या कॅमेऱ्यात बाइक दिसली पण नंबर बनावट निघाला. मग पावत्या मागितल्या, सासूबाईंच्या पाटल्यांची पावती कुठून आणू? शेवटी पुतण्याच्या लग्नातला एक फोटो सापडला ज्यात माझा हात नीट दिसतो. आता घरातल्या प्रत्येक दागिन्याचा फोटो आणि वजन लिहून ठेवलंय, तुम्हीही ठेवा, माल सापडला तर हा आपलाच म्हणून ओळख पटवायला काहीतरी लागतं. गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या 318(4) आणि 204 खाली नोंदवला, पहिलं म्हणजे आपलं जुनं चारशे वीस, दुसरं तोतया सरकारी नोकराचं. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या.

एक गोष्ट हवालदारानं दोनदा सांगितली, की कुठलाच पोलीस रस्त्यात दागिने काढायला सांगत नाही, गल्लीत खून झाला असला तरी नाही. आणि बाईची झडती बाईच घेते, तसा कायदाच आहे. कोणी असं म्हणालं तर तिथे उभं राहून वाद घालत बसू नका, चालत सुटा, जवळच्या किराणा दुकानात, मेडिकलमध्ये, कुठेही चार माणसांत शिरा आणि 112 लावा. 1930 हा ऑनलाइन फसवणुकीचा नंबर आहे, यासाठी 112. तो खरा पोलीस असला तर दुकानात येऊन बोलेल.

आमच्या सोनारानं आणखी दोन प्रकार सांगितले. एक, शेठला मुलगा झालाय, गरिबांना साड्या वाटतायत, दागिने काढून ठेवा म्हणजे तुम्ही गरीब दिसाल. दुसरा, भांडी उजळायची पावडर घेऊन दारात येतात, आधी समई चकचकीत करून देतात, मग सोनं मागतात. सोनं ज्या पाण्यात बुडवतात ते म्हणजे दोन ॲसिडं मिसळलेली असतात, त्यात सोनं विरघळतं, बांगडी परत मिळते पण वजन गेलेलं असतं.

घरी कोणी मला रागावलं नाही, फक्त जाऊबाई फोनवर म्हणाल्या, एवढं घालून जायचंच कशाला. त्या एका वाक्यानंतर मी आठ दिवस बाहेर पडले नाही. कृपा करून आपल्या माणसांना असं बोलू नका, पुढच्या वेळी ती तुम्हाला सांगणारच नाहीत.

शेजारच्या वहिनींनी सांगितलंच नव्हतं. परवा माझ्याकडे चहाला आल्या होत्या, माझ्या मोकळ्या हाताकडे बघत बसल्या आणि एकदम रडायला लागल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांचंही असंच गेलं, तोच कागद, तशीच खडी. घरी त्यांनी गोफ बसमध्ये पडला असं सांगितलंय, अजून नवऱ्याला माहीत नाही. मी म्हटलं तेव्हाच बोलला असता तर निदान मी तरी… आणि मग मलाच पुढे बोलवेना, कारण मी तरी दोन महिने कुठे काही लिहिलं होतं?

सोमवारी त्यांना घेऊन मी पोलीस स्टेशनला चाललेय. त्यांना तो पोट सुटलेला माणूस अजून आठवतो म्हणतात.